पाच नंबरचं पाणी

आधीच सांगते, या पानावरच्या निम्म्या गोष्टी वाचून मी हसते. पांढऱ्या कपड्यातली बाई, उलटे पाय, रस्त्यात लिफ्ट मागणारा माणूस. असेलही हे सगळं. मला नाही दिसलं कधी.

मी सांगणार आहे ते माझ्याबाबतीत घडलंय. यातला एक शब्द वाढवलेला नाही. उलट अकरा वर्षं मी यातला एक शब्द गाळत आले.

आणि ती रात्र नव्हती. बुधवार होता. दुपारचे पावणेचार. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं.

मी तेव्हा शिकत होते. समुद्राच्या पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ मोजायचं, हे माझं संशोधन. ऐकायला मोठं वाटतं. प्रत्यक्षात दर मंगळवारी सकाळी बोटीतून सहा ठरलेल्या ठिकाणी जायचं, बाटली दोरीने खाली सोडायची, पाणी भरायचं, वर आयोडीनचे थेंब टाकायचे आणि बाटलीवर नंबर लिहायचा. आयोडीन पडलं की पाणी कोऱ्या चहासारखं दिसतं. ते रात्रभर स्थिर ठेवायचं, म्हणजे आतले जीव तळाशी बसतात. दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली एकेक मोजायचे.

मोजायला मुठीत मावेल एवढं काउंटर असतं. एक जीव दिसला की अंगठ्याने दाबायचं. टक्. एक आकडा पुढे.

हे कशासाठी? तर त्यातली एक जात विषारी असते. ती वाढली की शिंपल्यांमध्ये विष साठतं. पाणी दिसायला स्वच्छ असतं, शिंपला दिसायला ताजा असतो, चवही बदलत नाही. कितीही उकळा, विष जात नाही. आधी ओठांना मुंग्या येतात, मग बोटांना. मग श्वास घेता येत नाही.

आमच्या केंद्राचा नियम साधा होता. मोजणी दोनशेच्या वर गेली की बंदरावरची पाटी उलटायची. एका बाजूने हिरवी, दुसऱ्या बाजूने लाल. पाटी लाल असली की खडकावरचे शिंपले कुणी काढायचे नाहीत. लोक पाटी बघूनच घराबाहेर पडायचे.

म्हणजे पाटी कुठल्या बाजूने असणार, ते बावीस वर्षांची मी ठरवत होते.

केंद्र म्हणजे बर्फाच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. खाली मशीन दिवसभर घुमायचं. फरशी इतकी थरथरायची की मायक्रोस्कोपखाली मी जुन्या चपलेचा स्पंज घातला होता. सर आठवड्यातून एकदा यायचे, आकडे बघायचे, चष्मा पुसायचे आणि जायचे. बाकी राज्य माझंच.

बोट चालवणारे काका होते. सगळं बंदर त्यांना कप्तान म्हणायचं. बोट केवढी, तर चार माणसं बसली की पाचव्याला उभं राहायला लागायचं. पण कप्तान! काकांनाही ते आवडायचं. त्यांची बायको, काकू, मला दर आठवड्याला डबा पाठवायची. "हाडं मोजायला वेगळं मशीन आणलंय का गं?" असं माझी काडीसारखी अंगकाठी बघून म्हणायची. आई लांब होती. काकूच्या डब्यावर मी दोन वर्षं काढली, हे खरं आहे.

सहा ठिकाणांपैकी पाच नंबर खडकांच्या मागे होता. तिथे लाटा आडव्या यायच्या. मी तिथे हमखास उलटी करायचे. आणि दर मंगळवारी चार नंबर झाला की काका एकच वाक्य बोलायचे.

"पाचवर जायलाच हवं का?"

मी दर वेळी म्हणायचे, "जायलाच हवं, काका."

त्या मंगळवारी मी तसं म्हटलं नाही.

साडेदहाची बस होती. माझ्या ताईच्या लेकीचा पहिला वाढदिवस होता आणि बस चुकली तर ताईने मला जन्मभर ऐकवलं असतं. वारा होता. माझं डोकं आधीच गरगरत होतं.

आमच्या क्षेत्रात एक लबाडी असते. कुणी उघड बोलत नाही, पण सगळ्यांना ठाऊक असते. आम्ही तिला 'जुळं' म्हणायचो. एकाच ठिकाणी दोन बाटल्या भरायच्या आणि दुसरीवर पुढचा नंबर लिहायचा. पाणी खरं, आयोडीन खरं, तारीख खरी. फक्त जागा खोटी.

मी चार नंबरवर दोन बाटल्या भरल्या.

काका बघत होते. त्यांचा चेहरा असा सैल झाला... कुणीतरी पाठीवरचं ओझं उतरवून घेतल्यासारखा.

"समुद्र काय, एकच आहे," ते म्हणाले आणि बोट वळवली. सहा नंबर करून आम्ही वेळेत परत आलो.

येताना काका खुशीत होते. "लेक येतेय उद्या. नातीला घेऊन. तीन वर्षांची झाली, पण बोलते मोठ्या बाईसारखी. तुझ्या काकूने तर परवाची पहाटेची मोठी ओहोटी हेरून ठेवलीय. लेकीला शिंपले आवडतात ना."

काकू शिंपले कुठे काढायची, मला माहीत होतं.

पाच नंबरच्या खडकांवर.

मला वाटलं, मागच्या आठवड्यात तिथे सात होते. सातचे दोनशे थोडेच होणार आहेत? मी सगळं पाणी स्थिर व्हायला ठेवलं आणि बस पकडली.

बुधवारी दुपारी परत आले. एक, दोन, तीन नंबर मोजले. सगळं ठीक. चार नंबर मोजला. अकरा. तेही ठीक.

मग पाच नंबर लावला. म्हणजे त्याच चारचं जुळं.

मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि...

काहीच नाही.

विषारी जात नाही, असं नाही म्हणत. काहीच नाही. समुद्राच्या थेंबात शंभर प्रकारचे जीव असतात. कवच असलेले, शेपटीवाले, मेलेले, अर्धे तुटलेले. समुद्राचं पाणी कधी रिकामं नसतं. मी काच इकडून तिकडे सरकवली. धुळीचा कणसुद्धा नव्हता. शेजारच्या बाटलीत अकरा होते, अगदी त्याच जागचं, त्याच मिनिटाचं पाणी.

काच बदलली. पुन्हा लावलं.

रिकामं.

आता शहाण्या माणसाने इथे थांबायचं असतं. मी काय केलं? वैतागले. प्रवासाने अंग दुखत होतं, सहा नंबर अजून बाकी होता. वही ओढली आणि पाच नंबरपुढे आकडा लिहून टाकला.

नऊ.

अकराच्या आसपासचा, पण अकरा नाही. म्हणजे शंका येणार नाही. इतकी मी हुशार.

पेन खाली ठेवलं. आणि खालचं मशीन बंद पडलं.

दोन वर्षांत ते दिवसा कधी बंद पडलेलं मी ऐकलं नव्हतं. फरशीची थरथर थांबली. बाहेरच्या पक्ष्यांचा, माणसांचा, कशाचाच आवाज येईना. स्वतःच्या गिळण्याचा आवाज मला आला.

मग...

टक्.

मी माझ्या काउंटरकडे बघितलं. निळं प्लास्टिकचं. टेबलावर होतं, माझ्यासमोर. शून्यावर.

टक्. टक्. टक् टक् टक्...

आवाज बाजूच्या खोलीतून येत होता. तिथे फक्त रिकाम्या बाटल्यांचं कपाट होतं.

घड्याळाची टिकटिक असेल, पाल असेल, सगळं मनाला सांगून झालं. पण मी ज्याला घाबरले तो आवाज नव्हता. त्याची लय होती. दोन वर्षं रोज मोजणाऱ्या माणसाला ती कळते. पाण्यात जीव कमी असले की टक्... मग बराच वेळ... मग टक्. आणि गच्च भरलेलं असलं की अंगठा थांबत नाही. मग काच सरकवायला एक क्षण थांबायचं. की पुन्हा सुरू.

टक् टक् टक् टक् टक्... थांबलं... टक् टक् टक् टक्...

बाजूच्या खोलीत कुणीतरी गच्च भरलेलं पाणी मोजत होतं.

मी तिथेच बसून राहिले. किती वेळ, सांगता येणार नाही. मग एकदम शांत झालं.

उठले. दार ढकललं.

खोलीत कुणी नव्हतं. कपाटाच्या मधल्या फळीवर एक काउंटर होतं. स्टीलचं, जुनं, गळ्यात अडकवायची लाल दोरी असलेलं. मी ते कधीच बघितलं नव्हतं. दोरी ओली होती. तिच्यातून थेंब थेंब पाणी फळीवर पडत होतं.

आकडा होता चारशे बारा.

मला अर्थ कळला नाही, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं. खोटं आहे ते. तिथेच, त्याच क्षणी कळला. पाच नंबरचं पाणी मी मोजलं नाही, म्हणून दुसऱ्या कुणीतरी मोजलं होतं.

मी काउंटर तिथेच टाकलं, पर्स उचलली आणि पळाले. जिन्याखाली कारखान्याचा माणूस विडी ओढत उभा होता.

"मशीन का बंद पडलं हो?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे वेड्यासारखं बघितलं. "कुठे बंद पडलंय? सकाळपासून चालूच आहे की."

चालूच होतं. घुमत होतं. भिंतीला हात लावला तर थरथर लागत होती.

आणि रस्त्याच्या पलीकडून काकू येत होती.

एका हातात लेकीची बॅग, दुसऱ्या हाताला नात. लेक मागून येत होती, हसत. काकूने मला लांबूनच हाक मारली.

"अगं ए, हाडांची मोळी! ही बघ माझी नात. आणि काय गं, पाटी हिरवीच आहे ना? उद्या पहाटे जाणार आहे मी."

त्या वेळी मी काय काय म्हणू शकले असते, याची यादी माझ्या डोक्यात आजही तयार आहे. थांब काकू, एक दिवस थांब. पुन्हा मोजायचंय. खडकावर नको जाऊस. एवढं पुरलं असतं. पण पुन्हा का मोजायचंय, असं सरांनी विचारलं असतं. जुळं उघडं पडलं असतं. दोन वर्षांचं काम, शिष्यवृत्ती, सगळं पाण्यात.

"हिरवी आहे काकू," मी म्हणाले. "पाणी ठीक आहे."

नातीने मला तिच्या मुठीतली गोळी दाखवली. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि निघाले.

त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. मी ठरवलं, उजाडताच पाचवर जाऊन खरं पाणी आणायचं. गुपचूप. कुणाला न कळता वहीतला आकडा बदलायचा. काकूला उठवून सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. किंवा आलं असेल.

सहा वाजता बंदरावर गेले. काका बोट धूत होते.

"पाचवर चला," मी म्हणाले.

"आज गुरुवार आहे पोरी."

मी सगळं सांगितलं. रिकामं पाणी, आवाज, आकडा. ते मान हलवत ऐकत होते. म्हातारे लोक लहान मुलाचं ऐकतात तसे. मग मी म्हणाले, "लाल दोरी होती त्याला."

काकांच्या हातातली बादली खाली पडली.

त्यांनी बोट सुरू केली. चार नंबर मागे पडल्यावर ते बोलले.

"तुझ्या आधी एक मुलगी होती. वाऱ्याच्या दिवशीसुद्धा पाच नंबर सोडायची नाही. मी म्हटलं, राहू दे आज, लाटा वाढल्यात. ऐकेना. मी वैतागून बोट वळवली. ती तेव्हाच बाटली सोडायला वाकली होती." त्यांनी मान खडकांकडे वळवली. "मिळाली नाही ती. तीन दिवस शोधली."

"आणि काउंटर?"

"गळ्यात होतं तिच्या," काका म्हणाले.

खडक जवळ आले.

पाच नंबरचं पाणी इतकं नितळ होतं की तळाचे दगड दिसत होते. लाट नव्हती. मला मळमळलंही नाही, पहिल्यांदाच. मी बाटली भरली. आणि सहज खडकांकडे बघितलं.

खडकावर जागोजागी ताजे खरवडल्याचे डाग होते.

काकू येऊन गेली होती.

तिथे फोन लागत नव्हता. काकांनी बोट अशी हाणली की इंजिनातून धूर निघाला. धक्क्याला लागताच ते घराकडे धावले, मी जिना चढून वर. पाणी स्थिर करायला वेळ कुठे होता, एक थेंब तसाच काचेवर घेतला. डोळा लावला. मोजायची गरजच नव्हती. काचेवर जागाच उरली नव्हती.

सरांना फोन केला. साडेआठला पाटी लाल झाली.

काकूला एक सवय होती. चुलीपाशी उभ्यानेच पहिल्या वाटीभर शिंपल्यांची चव बघायची, मग बाकीच्यांना वाढायचं. ताट मांडता मांडता ती म्हणाली, माझ्या ओठांना काहीतरी होतंय. तिने नातीच्या हातातला शिंपला हिसकावला, पातेलं उचललं आणि सगळं मोरीत ओतलं. काका दारात पोचले तेव्हा ती भिंतीला धरून उभी होती.

दुपारी हॉस्पिटलमध्ये तिचा श्वास थांबला.

लेक आणि नात वाचल्या.

सरांनी अहवालात लिहिलं की मंगळवारी नऊ होते, दोन दिवसांत अचानक वाढ झाली. असं होऊ शकतं, समुद्रात होतं कधीकधी. सगळ्यांनी मान हलवली. वहीत नऊ तसंच राहिलं. काका बोलले नाहीत. मी बोलले नाही. आम्ही पुन्हा एकमेकांच्या डोळ्यांत बघितलं नाही. बाजूच्या खोलीतलं कपाट मी रिकामं करून बघितलं. स्टीलचं काउंटर नव्हतं. फळीवर मिठाचा पांढरा डाग मात्र होता.

मला पदवी मिळाली. नोकरी लागली. समुद्रापासून लांब.

काकूची लेक माझ्याशी संबंध ठेवून आहे. दर वर्षी फोन करते. आईचा तुझ्यावर जीव होता, म्हणते. पाटी लाल करून तू किती लोकांना वाचवलंस, असंही म्हणते. मी ऐकून घेते.

दोन महिन्यांपूर्वी काका गेले. आणि काल, मंगळवारी संध्याकाळी, तिचा फोन आला.

"अगं, बाबांच्या ट्रंकेत एक यंत्र सापडलंय. मुठीत मावेल एवढं. लाल दोरी आहे. तुमच्या केंद्रातलं आहे का गं?"

"असेल," मी म्हणाले.

"बिघडलंय बहुतेक. आपोआप वाजतं. दर मंगळवारी. टक् टक् करतं आणि नऊवर थांबतं. शून्यावर आणून ठेवलं तरी पुढच्या मंगळवारी परत नऊ. पोरगी जाम घाबरलीय. आत्तापण नऊवर आहे बघ."

नऊ हा आकडा कुठल्याच पाण्यात नव्हता. तो मी माझ्या डोक्यातून काढला होता.

"तुला या यंत्रातलं कळतं म्हणून विचारते," ती म्हणाली. "नऊच का गं?"

अकरा वर्षांनी पुन्हा खरं सांगायची वेळ आली होती. घर तेच होतं. फक्त विचारणारी काकू नव्हती. सांगायचं होतं मला, शपथेवर सांगते. तोंड उघडलं होतं.

"काय माहीत," मी म्हणाले. "स्प्रिंग गेली असेल."

आणि मग फोनमधून, अगदी स्पष्ट...

टक्.

"अगं बाई," लेक म्हणाली. "थांब हं. दहा झाले."

येत्या रविवारी ती ते मला द्यायला येणार आहे. पोरीलाही आणणार आहे सोबत. मी नको म्हणू शकले नाही.